तिरक्या पट्टीचा नवा हंगाम

अमेरिकेहून परत आल्यापासून तालमीच्या कट्ट्यावर रोज कोणी ना कोणी विचारतं, नायगरा बघितला का, न्यूयॉर्कचा तो पुतळा बघितला का. नाही बघितला. पूर्ण उन्हाळा मुलीकडे राहिलो, आणि सांगण्यासारखं जे बघितलं ते शिकागोच्या एका उपनगरात. फ्रान्समधला एक जुना क्लब, नुकताच खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलेला, नव्या हंगामाआधी तिथं सरावाची मॅच खेळायला आला होता. ज्याला धबधबा हवा त्यानं दुसऱ्या कोणाचं प्रवासवर्णन वाचावं.

त्या क्लबचं नाव आमच्या पेठेत कोणालाच धड म्हणता येत नाही. आम्ही त्याला ‘तिरकी पट्टी’ म्हणतो. निळा शर्ट आणि त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत पिवळी तिरकी पट्टी. मी शिरोलीच्या एका कारखान्यात हेल्पर होतो तेव्हा मशीन बसवायला एक फ्रेंच फिटर आला होता. संध्याकाळी तो आमच्यात खेळायला यायचा. आमची पोरं अनवाणी खेळतात हे बघून त्यानंही बूट काढून ठेवले आणि तळपायाला फोड आणून घेतले. जाताना त्यानं त्याच्या गावच्या क्लबचा शर्ट मला दिला. पुढच्या हंगामात आमच्या तालमीनं तसेच शर्ट शिवून घेतले. आजही आमचा संघ तिरक्या पट्टीतच उतरतो. मी पुढं जुनी मशिनं घेऊन, दुरुस्त करून विकायला लागलो, उद्यमनगरात स्वतःची शेड उभी केली आणि तालमीचा अध्यक्ष झालो. फ्रान्सला कधी गेलो नाही, पण त्या क्लबचा निकाल रविवारी बघितल्याशिवाय मला जेवण गेलेलं नाही.

कोल्हापूरबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा फुटबॉलचा संघ, आणि संघ हरला की त्या दिवशी पेठेत चुली उशिरा पेटतात.

गेल्या हंगामात आम्ही वरच्या गटातून खाली पडलो. पडण्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते रणजितचं. आमचा स्ट्रायकर. त्याचे पहिले बूट मी घेतले. गुडघा गेला तेव्हा पुण्याला ऑपरेशनला मी घेऊन गेलो. माझ्याच शेडमध्ये कामाला लावला आणि सरावासाठी दुपारीच सोडत होतो. आम्ही खाली पडलो आणि हा शेजारच्या पेठेच्या संघात गेला. सांगून गेला असता तर शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपला असता. पण त्यानं सांगितलं नाही. मला ते पेपरात वाचावं लागलं. त्याच्यामागं आणखी दोघं गेले.

तालमीच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणत होता बाहेरचे खेळाडू आणूया. दुसरा म्हणत होता पेठेतली पोरं उतरवूया, मार खातील पण शिकतील. मी दोघांनाही गप्प केलं. मनात तिसरंच ठरवून विमानात बसलो होतो. परत आलो की फुटबॉल बंद. संघ यंदा नाही, पुढंही नाही. खेळाडूंची नोंदणी मी परतल्यावर होती, आणि अध्यक्षाच्या सहीशिवाय ती होत नाही. हे मी कोणाला बोललो नव्हतो, मुलीलाही नाही.

शॉमबर्ग

माझी मुलगी अश्विनी आणि जावई मंदार शिकागोजवळ शॉमबर्गला राहतात. मंदार पुण्याचा, आयटीवाला. घर मोठं, पुढं हिरवळ, मागं हिरवळ, आणि त्या हिरवळीवर माणूस कधी दिसत नाही. दिसला तर तो गवत कापत असतो. गवत वाढवायचं, कापायचं, कापलेलं पिशवीत भरून ठेवायचं आणि परत पाणी घालायचं. आमच्याकडं त्यात एक म्हैस नक्की जगली असती.

पहिल्या आठवड्यात मला तिथं काही करमेना. दुकानात जावं तर वस्तूवर किंमत लिहिलेली, आणि ती किंमत जणू देवानं लिहिली आहे असं सगळे वागतात. मी एका मॉलमध्ये पायात घालून बघितलेल्या बुटांचा भाव विचारला आणि निम्मा सांगितला, तेव्हा मंदार शेजारच्या रांगेत जाऊन मोजे बघायला लागला. अश्विनी म्हणाली, “अण्णा, इथं असं करत नाहीत.” करत नाहीत म्हणजे येत नाही, एवढंच मी समजलो.

आणि माझं बरोबर निघालं. त्या शनिवारी गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं घरातल्या जुन्या वस्तू गॅरेजमध्ये मांडल्या होत्या. अशी विक्री तिथं उन्हाळाभर चालते. त्यात एक लोखंडी पकड होती, बाकाला बसवायची, जुन्या पद्धतीची, जबडा अजून सरळ. मी किंमत ऐकून मान हलवली आणि चालायला लागलो. त्यानं हाक मारली. मी परत आलो, स्क्रूचा आटा झिजलाय म्हणालो. तो म्हणाला झिजलेला नाही. दोघांनाही माहीत होतं की झिजलेला नाही. बराच वेळ आम्ही भांडलो, शेवटी त्यानं पकड दिली, वर लिंबाचं सरबत पाजलं आणि पुढच्या शनिवारी परत ये म्हणाला. अमेरिकेत मला भेटलेला पहिला शहाणा माणूस तो.

नात ईरा शाळेच्या संघातून खेळते. तिथं फुटबॉलला सॉकर म्हणतात. तिची मॅच बघायला गेलो. आईबाप घडीच्या खुर्च्या मांडून बसलेले, जो चेंडू मारेल त्याला टाळ्या, आणि जो मारायचा चुकेल त्यालाही टाळ्या. ईराचा संघ हरला. मग दोन्ही संघांतल्या प्रत्येक मुलीला चकाकणारं पदक मिळालं. मी तिला विचारलं, हरलात ना तुम्ही? ती म्हणाली, “इट्स ओके, आबा, वी हॅड फन.” आमच्याकडं हरलेला गोलकीपर मागच्या गल्लीनं घरी जातो.

त्याच रात्री जेवताना मंदारनं सांगितलं, “अण्णा, तुमची तिरकी पट्टी शिकागोला येतेय.” क्लब काही अमेरिकन मंडळींनी विकत घेतला होता, त्यामुळं सरावाचा दौरा इकडं काढला होता. मला वाटलं तिकीट दाखवेल, तर त्यानं लॅपटॉप उघडला. त्यानं हौसेनं एक मॉडेल बनवलं होतं. कॅप्टन विकला, स्ट्रायकर गेला, कोच नवा, मालक लांब. मॉडेल म्हणत होतं की वर येणं सोडा, आणखी एक पायरी खाली जातील. अश्विनीला तो हळूच म्हणाला, “यार, इट्स ओव्हर, हा क्लब संपलाय.” मला ऐकू येतं हे तो विसरला होता.

“तुझ्या मॉडेलनं कधी पेनल्टी मारलीय का?” मी विचारलं.

“नाही, पण चुकवलेलीही नाही,” तो म्हणाला. पोरगा अगदीच टाकाऊ नाही.

नारळ

आमच्याकडं हंगामाआधी मैदानावर नारळ फुटतो. तो अध्यक्ष फोडतो, आणि एकदा फोडला की संघ मागं घेता येत नाही, मग निम्मे खेळाडू आजारी पडोत की पळून जावोत. मला वाटलं, आपला यंदा फुटणार नाही, निदान ज्यांच्याकडून शर्ट घेतला त्यांचा तरी फोडावा.

नारळ मिळवताना पहिलं विघ्न आलं. तिथल्या सुपरमार्केटमधला नारळ सोललेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, वर करवतीनं गोल खाच पाडलेली, म्हणजे फोडायचेही कष्ट नकोत. शेंडी नाही. शेवटी देशी किराणा दुकानात शेंडीवाला मिळाला. दुकानदार गुजराती. त्याच्याशी भाव करताना आम्हा दोघांनाही घरी आल्यासारखं वाटलं.

दुसरं विघ्न स्टेडियमच्या गेटवर. तिथं पारदर्शक पिशवीच चालते. पारदर्शक पिशवीतून नारळ सगळ्यांना दिसत होता. गेटवरची बाई धिप्पाड, हसरी. हे काय म्हणून विचारलं. मंदारनं नारळ म्हणून सांगितलं. खायचा का? मी म्हटलं, आधी फोडायचा, मग खायचा. आत कुठं फोडणार? मी मैदानाकडं बोट दाखवलं. ती विचार करून म्हणाली की बाहेरचं खाणं चालत नाही आणि फेकून मारण्यासारखी वस्तूही चालत नाही, हे दोन्हीपैकी काय आहे ते तिला कळत नाही, पण आत जाणार नाही. मी मंदारला म्हटलं, सांग तिला, निम्मा तिला देतो. त्यानं कसंबसं सांगितलं. ती खदखदून हसली आणि तिचा भाव सांगितला. बाहेर फोडा, येताना एक तुकडा घेऊन या. मी लगेच कबूल झालो. कुठं ताणायचं आणि कुठं सोडायचं एवढं मला कळतं.

स्टेडियमबाहेरचं पार्किंग म्हणजे जत्राच. लोक गाड्यांची मागची दारं उघडून तिथंच शेगड्या पेटवतात, मका आणि मांस भाजतात, घडीच्या टेबलावर जेवतात. एका कोपऱ्यात निळे-पिवळे शर्ट घातलेले थोडेसे फ्रेंच लोक जमले होते. त्यांच्याजवळच्या काँक्रीटच्या कट्ट्यावर मी नारळ आपटला. दुसऱ्या दणक्याला तो सरळ फुटला. पाणी चार बाजूंना शिंपडलं, त्यातलं थोडं एका परक्या गाडीच्या चाकावर गेलं.

तेवढ्यात एक म्हातारी बाई जवळ आली. पांढरे केस, अंगात निळा शर्ट. नाव कोलेत. जन्म त्याच फ्रेंच गावातला. मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मुलांना फ्रेंच शिकवता शिकवता म्हातारी झाली होती, आणि या मॅचसाठी बसनं एकटी आली होती. हे काय चाललंय असं तिनं विचारलं. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, पण माझ्यासारखंच तुटक, त्यामुळं आमचं जमलं. मी शर्टाची गोष्ट सांगितली, नारळ फोडणारा कसा बांधला जातो तेही सांगितलं. तिनं खोबऱ्याचा तुकडा घेतला, वास घेतला आणि तोंडात टाकला.

मग तिनं विचारलं, तुमच्या संघाचा नारळ कधी?

मी म्हटलं, यंदा नाही. यापुढंही नाही. मंदार माझ्याकडं बघायला लागला, कारण हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. का नाही, तिनं विचारलं. मग मी बोललो. रणजित, बूट, गुडघा, पेपरातली बातमी, सगळं. आवाज चढला असावा, कारण शेजारचे मका भाजायचे थांबले. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि पाठ वळवली. मला वाटलं निघाली. पण ती मला शर्टाची पाठ दाखवत होती. पाठीवर त्यांच्या कॅप्टनचं नाव होतं. तोच, जो या उन्हाळ्यात दुसऱ्या क्लबला गेला.

मला राग आला. मी सरळ विचारलं, असल्या माणसाचं नाव अंगावर कशाला वागवता?

ती म्हणाली, “शर्ट माझा आहे. गेला तो गेला. मी कशाला जाऊ?”

तुम्हाला काय जातंय, तुम्ही लांब ॲन आर्बरला बसता, असं मी म्हटलं. हे म्हणायला नको होतं असं अश्विनी नंतर घरी ऐकून म्हणाली. म्हातारीला मात्र काही वाटलेलं दिसलं नाही. तिनं आणखी एक तुकडा घेतला.

तंबू

मॅचआधी क्लबनं एका तंबूत चाहत्यांची भेट ठेवली होती. मालकांच्या वतीनं एक तरुण मॅनेजरबाई आली होती, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चटचट बोलणारी. कोणी विचारलं, स्ट्रायकर कधी घेणार? तिनं शोध चालू आहे म्हणून सांगितलं. कोणी विचारलं, लगेच वर येणार का? तिनं सगळ्यांना संयम ठेवायला सांगितलं. सेल्समन असंच बोलतो. मशीन चालू होणार का विचारलं की रंग नवा आहे म्हणतो.

मी हात वर केला. माझा प्रश्न साधा होता. आज उतरणाऱ्या पोरांपैकी तुमच्या गावची किती?

ती म्हणाली, बहुतेक सगळी. आणि मग खांदे पाडून म्हणाली, “दुर्दैवानं, यंदा आम्हाला गावच्याच मुलांवर भागवावं लागेल.”

मी उभाच राहिलो. दुर्दैव कसलं? गावची पोरं उतरतात याला दुर्दैव म्हणता? बाहेरून आणलेला उद्या बाहेरच जाणार. गावची पोरं मार खातील, खाऊ देत. चार मॅच हरतील. पण हरल्यावर त्यांना त्याच गल्लीतून घरी जायचं आहे, म्हणून पाचवी मॅच ते जीव टाकून खेळतील. दुर्दैव म्हणायचं तर त्या पोरांसमोर म्हणा. मी मराठीत बोलत होतो. ते माझ्या लक्षात आलं नाही आणि मंदारनं मला थांबवलं नाही. मी श्वास घेतल्यावर त्यानं सगळं इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही न गाळता, माझ्यासारखंच बोट वर करून. तंबूत टाळ्या पडल्या. मॅनेजरबाई लाल झाली आणि शब्द चुकला म्हणाली.

मी खाली बसलो आणि तेव्हा मला कळलं की हे सगळं बोलणं माझं नव्हतंच. हे तालमीच्या बैठकीतल्या त्या दुसऱ्या तटाचं बोलणं होतं, ज्यांना मी ‘गप्प बसा’ म्हणून बसवलं होतं. घासाघीस करताना समोरच्याचा भाव आपल्याच तोंडून निघाला की सौदा तिथंच झाला. उगीच पुढं ताणण्यात अर्थ नसतो.

मॅच

तिरकी पट्टी हरली, आणि चांगली सडकून हरली. समोरचा अमेरिकन संघ भर हंगामात होता, पळायला तयार. आमच्या पोरांचे पाय अजून सुट्टीतच होते. पण मी मॅच बघतो ती मशीन बघतो तशी. आवाज कुठून येतो आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे का, एवढंच.

तर त्या क्लबचं यंदा काय होईल ते माझ्या हिशेबानं सांगतो. डावा बॅक चेंडू गेल्यावर वळतो, तो हंगामभर त्रास देणार. स्ट्रायकर नाहीच, जो उभा केला होता तो गोलाकडं पाठ करून उभा राहायचा. नवा कोच हरत असतानाही खेळाडू मागं ओढत नव्हता, हे मला आवडलं. गोलकीपर कोवळा आहे, पण गोल खाल्ल्यावर दुसऱ्यावर ओरडला नाही, जाळ्यातून चेंडू स्वतः काढून आणला. आणि मधल्या फळीतला आठ नंबर, ओठावर मिसरूड फुटत असलेला पोरगा, शेवटच्या मिनिटापर्यंत चेंडू मागत होता. सगळं संपल्यावरही मागत होता. यंदा वर येणार नाहीत. पण मंदारचं मॉडेल म्हणतं तसे बुडणारही नाहीत. मधेच कुठंतरी राहतील आणि त्यांच्याशी खेळायला कोणाला आवडणार नाही.

मॅच संपल्यावर अमेरिकन चाहते पार्किंगकडं पळाले, गर्दीआधी गाडी काढायला. ते मूठभर फ्रेंच लोक कोपऱ्यात उभं राहून गात होते. पोरं त्यांच्यापुढं येऊन मान खाली घालून उभी राहिली. कोलेतबाईनं आठ नंबरला कठड्याजवळ बोलावलं आणि काहीतरी सुनावलं. ती रागावली होती की शाबासकी देत होती ते मला कळलं नाही, पण पोरगा मान वर करून ऐकत होता. पदक कोणालाच मिळालं नाही.

जाताना तिनं मला लांबूनच हात केला. मीही केला. आमचं भांडण मिटलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी मंदारला फोन लावून दे म्हटलं. कोल्हापुरात सकाळ झाली होती. सदा, आमचा सेक्रेटरी, त्या वेळी दुधाच्या कट्ट्यावर, म्हशी समोरच पिळून दूध देतात तिथं, सापडतो. मी त्याला म्हटलं, संघ उतरवायचा. बाहेरचा एकही नको. पेठेतली पोरं गोळा कर आणि चाचणी लाव.

फोनवर सदाच्या मागं म्हशी हंबरत होत्या.

“मार खाणार बघा पोरं, अण्णा.”

“खाऊ देत.”

“आणि मागल्या बैठकीत तुम्हीच…”

“मागल्या बैठकीत मी चुकीचं ओरडलो. आता बरोबर ओरडतोय. ऐकतोस का?”

“ऐकतोय की.” मग तो हळूच म्हणाला, “त्यो रणजित परवा तालमीपुढनं गेला. गाडी हळू केली हुती त्येनं. तिकडं बाकावरच बसवत्यात म्हणं त्येला.”

मंदार रस्त्याकडं बघत होता, पण कान इकडं होते.

“चाचणी सगळ्यांना आहे,” मी म्हटलं. “बूट घेऊन यावं आणि रांगेत उभं राहावं. माझ्याकडून बोलावणं जाणार नाही.”

परतल्यावर चाचणी झाली. रणजित आला नाही. माझा राग गेला असं कोणी समजू नये, तो आहे तिथं आहे, आणि त्या रागाला मी कामाला लावलं आहे. पोरं मात्र इतकी आली की मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा नव्हती. त्यातली निम्मी माझ्या शेडमधल्या आणि शेजारच्या शेडमधल्या कामगारांची. त्यांच्यातून संघ निवडला, आणि गेल्या सोमवारी नोंदणीवर मी सही केली.

कट्ट्यावरचे जाणकार आता आमचं भविष्य सांगतात. तालमीचं यंदा काही खरं नाही, खालच्या गटातही शेवटून दुसरे येणार म्हणतात. म्हणू देत. शेवटून दुसरे, म्हणजे एक संघ आमच्या खाली आहे हे त्यांनाही कबूल आहे. पहिली मॅच त्याच्याशी आहे.